हिमबिबट्याचा फोटो नेमका कुणी काढला?

मागच्या हिवाळ्यात माझा एक मित्र स्पितीतल्या किब्बरला जाऊन आला. आठ दिवस थंडीत कुडकुडला, आणि मोबाइलवर एक करडा ठिपका दाखवून म्हणाला, "हा बघ, हिमबिबट्या!" मी झूम करकरून पाहिलं. मला दगडच दिसला.

त्या दगडापायी मी जुन्या फोटोंच्या मागे लागलो. रानातल्या हिमबिबट्याचे पहिले फोटो म्हणून जे ओळखले जातात, ते जॉर्ज शॅलर यांनी १९७० मध्ये पाकिस्तानातल्या चित्रालच्या डोंगरांत काढले. एक मादी, सोबत पिल्लू. नोव्हेंबर १९७१ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये ते छापून आले. काय चिकाटी या माणसाची, असं मला वाटायचं. चिकाटी होतीच हो. पण मादीने जवळ यावं म्हणून तिथे आमिषाला शेळ्या बांधल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. खरं सांगू? हिरमोड झाला. शॅलरनी लपवलं नव्हतं, मीच कधी चौकटीबाहेर पाहिलं नव्हतं.

मग शेळीशिवाय फोटो कसा मिळणार? इथे जनावराची सवय कामी येते. हिमबिबट्या ठरावीक धारांवरून फिरतो. पुढे आलेल्या कातळावर मूत्राची फवारणी करतो, खाली मागच्या पायांनी माती ओरखडतो. दुसरा बिबट्या येऊन ते हुंगतो. थोडक्यात, त्यांचा नोटीस बोर्डच! १९८० च्या दशकात नेपाळच्या लांगू खोऱ्यात रॉडनी जॅक्सन यांनी अशा वाटांवर दाबपट्ट्या पुरल्या. पाय पडला की क्लिक. जून १९८६ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये त्यांची गोष्ट आली.

युक्ती तशी जुनीच. १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार ताणून वाघांकडूनच त्यांचे फोटो काढून घेतले होते.

पुढे दाबपट्टीच्या जागी अदृश्य किरण आले. लडाखच्या हेमिसमध्ये स्टीव्ह विंटर यांनी असे कॅमेरे महिनोन्‌महिने लावून ठेवले. रात्र, पडता बर्फ आणि मधोमध हिमबिबट्या. या फोटोला २००८ चा 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' किताब मिळाला. क्लिक झालं तेव्हा विंटर कॅमेऱ्यामागे नव्हते.

माझा मित्र म्हणतो, मग किताब बिबट्यालाच द्या की! मी विंटरच्या बाजूने आहे, कारण कॅमेरा कुठल्या कातळापाशी लावायचा हे बिबट्याने सांगितलं नव्हतं. भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही कुणाच्या बाजूने? व्हॉइस नोट पाठवा.