मिरासदार, उपरी आणि नागरिक



आपल्याकडे नवा माणूस भेटला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. 'कुठले तुम्ही?' हा पहिला आणि 'कोणापैकी?' हा दुसरा. पहिला जागेचा आहे, दुसरा जातीचा आहे हे सर्वांना कळतं, फक्त विचारणारा ते मान्य करत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं न देताही माणसाला 'मी इथला आहे' असं म्हणता येईल का? आजच्या व्याख्यानाचा विषय खरं तर एवढाच आहे. उत्तर शोधायला आपण मराठीतली काही पुस्तकं हाती घेणार आहोत.

त्याआधी एक कबुली द्यायला हवी. आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. सामाजिक तत्त्वज्ञानाचा पेपर आम्ही बरीच वर्षं शिकवला. त्यात त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' मोठ्या आवडीने शिकवत असू. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती, मग वतनदार, बलुतेदार, सुगीला खळ्यावर मिळणारं धान्य, असं सगळं रंगवून सांगत असू. एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलेल्या गावात मी कुठं राहतो?" आम्ही म्हणालो, "म्हणजे?" तो म्हणाला, "आम्ही कैकाडी. आमचं बिऱ्हाड गाढवावर. तुमच्या काळीत नाही, पांढरीत नाही." आम्हाला उत्तर देता आलं नाही. आज त्या उत्तराची निदान मांडणी तरी करून पाहू.

'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यातले. गावोगाव फिरून, दप्तर तपासून, माणसांशी बोलून त्यांनी हे पुस्तक लिहिलं. त्यामुळे त्यात ऐकीव असं फारसं नाही. त्यांना खेड्याचं भाबडं प्रेमही नाही. सगळ्यांचा भार शेवटी कुणब्याच्या मानेवर येतो, ही त्यांची तक्रार पानोपानी दिसते. त्यात फिरस्त्यांवरही लिहिलं आहे. पण आत्रे फिरस्त्यांकडे बघतात ते गावाच्या वेशीतून, कुणब्याच्या खळ्यावरून. आणखी कोण मागायला आलं, ही ती नजर आहे. याच आत्र्यांचं दुसरं पुस्तक 'गुन्हेगार जाती'. आमचा विद्यार्थी सापडायचा तर या दुसऱ्या पुस्तकाच्या आसपास सापडणार होता. एकाच लेखकाच्या एका पुस्तकात गाव आणि दुसऱ्यात गावाला ज्यांची भीती वाटते ती माणसं! ही वाटणी आत्र्यांनी केलेली नाही. ती त्यांच्या आधीपासूनची होती.

ती किती जुनी, हे पाहायला आणखी शंभर वर्षं मागं जाऊ. पेशवाई बुडाल्यावर थोड्याच वर्षांत थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने पुण्याजवळच्या लोणी गावाची बारकाईने पाहणी केली. तिचा वृत्तान्त १८२३ साली छापला गेला. त्या काळच्या दख्खनी गावात शेतकऱ्यांचे ठळक दोन वर्ग होते, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरत असेल तोवर त्याला कोणी उठवू शकत नसे. तो गाव सोडून परागंदा झाला तरी कालांतराने परत येऊन आपली मिरास मागू शके. गावाच्या पंचायतीत त्याच्या शब्दाला वजन असे. उपरी मात्र कराराने जमीन कसायचा. दहा-वीस वर्षं त्याच गावात राहिला, त्याच विहिरीचं पाणी प्याला, तरी तो उपरीच.

म्हणजे गावात राहणं वेगळं आणि गावचं असणं वेगळं. हे आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना दुसरीकडूनही माहीत असतं. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात विचारतो, नागरिक कोणाला म्हणायचं? तो म्हणतो, नुसत्या वास्तव्याने कोणी नागरिक होत नाही, कारण परके आणि गुलामही त्याच नगरात राहतात. न्यायनिवाड्यात आणि अधिकारपदात ज्याचा वाटा, तो नागरिक. आता गंमत पहा. हे लिहिणारा ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. तो उत्तरेकडच्या स्टॅगिरा गावचा. अथेन्समध्ये शिकला, तिथं शाळा काढली, पण त्या नगरात तो 'मेटिक' होता. मेटिकांना वेगळा कर भरावा लागे आणि जमीन घेता येत नसे. आपल्या भाषेत सांगायचं तर नागरिकत्वाची ही थोर चर्चा एका उपऱ्याने लिहिली आहे.

मिरासदार आणि उपरी या जोडीत मात्र आपल्या गावातला सर्वांत अवघड माणूस बसत नाही. तो म्हणजे महार. त्याला वतन होतं, म्हणजे तो उपरी नव्हता. पण त्याची वस्ती गावकुसाबाहेर. आमच्या लहानपणची गोष्ट सांगतो. आम्ही सात-आठ वर्षांचे असू. बांधावरून भाऊबंदांशी तंटा लागला होता. आजोबांनी महारवाड्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावलं. ते काठी टेकत शेतात आले, चार ठिकाणी काठी आपटली, म्हणाले, "इथं खणा." खणल्यावर जुना दगड लागला. दोन्ही बाजूंनी ते मुकाट्याने मान्य केलं. मग ते आमच्या वाड्याच्या बाहेर ओट्याखाली बसले. आमच्या आजीने वरून पाणी ओतलं आणि ते ओंजळीने प्याले. त्या वेळी आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही मिरासदाराच्या घरातले. गावाची शीव कुठं आहे हे ज्याला ठाऊक, ज्याचा शब्द शिवेच्या तंट्यात प्रमाण, त्याला त्या शिवेच्या आत पाणवठा नाही, हे समजायला आम्हाला पुस्तकं वाचावी लागली.

त्यातलं पहिलं पुस्तक दया पवारांचं 'बलुतं', १९७८ सालचं. शीर्षकच पहा. 'गावगाड्या'त बलुतं हा हिशेबाचा शब्द आहे, कोणाला किती पेंढ्या, किती पायल्या. पवारांच्या हातात तोच शब्द वाट्याला आलेल्या आयुष्याचा झाला. महारांच्या बावन्न हक्कांची आठवण त्यात येते. बेदरच्या बादशहाने हे हक्क दिले अशी परंपरा सांगतात. पण हक्क म्हणजे काय? मेलेलं ढोर ओढायचं आणि त्याचं कातडं घ्यायचं. मयताची बातमी घेऊन रात्री-अपरात्री गावोगाव पळायचं आणि त्याबद्दल भाकरी मागायची. हे गावाशी बांधलेलं असणं होतं. गावचं असणं नव्हतं.

वतन सोडा, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर एवढ्या आग्रहाने का सांगत होते, ते इथं कळतं. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. त्याच्या आदल्या वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात असं आमचं मत आहे. तळ्यावर मागणी होती ती सार्वजनिक पाण्यावरच्या समान हक्काची. विधेयकामागची दिशा अशी की गावाची वेठ वंशपरंपरेने आमच्या गळ्यात नको. एकीकडे सामील होण्याचा हक्क, दुसरीकडे सुटण्याचा. दोन्ही मिळून नागरिक होतो. ते विधेयक त्या वेळी तडीला गेलं नाही. कनिष्ठ गाववतनं नाहीशी करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यावर कठोर टीका केली आणि मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केलं. पुष्कळांना ते लागलं. पुढे ग्रामपंचायतींचं चाळिसावं कलम आलं. पण नागरिकत्वाची कलमं पाच ते अकरा काढून पाहा. तिथं जन्म आहे, आईवडील आहेत, वास्तव्य आहे, फाळणीने झालेली स्थलांतरं आहेत. मिरास नाही, वतन नाही, जात नाही. एकोणिसाव्या कलमाने देशात कुठंही जाऊन राहण्याचा हक्क दिला. दख्खनच्या इतिहासाच्या भाषेत याचा अर्थ असा, की 'उपरी' हा वर्गच कायद्याने पुसला गेला.

पण कायद्याने पुसलेलं माणसाच्या जगण्यातून पुसलं जातंच असं नाही. १९८० साली एक पुस्तक आलं आणि त्याचं नाव होतं 'उपरा'. लक्ष्मण माने यांचं. दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या महसुली दप्तरातल्या शब्दाचं हे भावंडच, स्वातंत्र्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी एका आत्मकथेचं शीर्षक होऊन आलेलं! कैकाडी कुटुंबाचं पोट टोपल्या विणण्यावर आणि भटकंतीवर. बाप मुलाला हट्टाने शाळेत घालतो. पण शाळा एका जागी असते आणि बिऱ्हाड हलतं असतं. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न या पुस्तकाने आमच्याही आधी ऐकला होता.

त्यानंतर १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' आलं. इथं तर माणूस जन्मतःच आरोपी. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे काही जमातींसाठी सेटलमेंट उभारल्या, हजेरी लावली. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणजे देश १९४७ ला स्वतंत्र झाला, घटना १९५० ला लागू झाली आणि ही माणसं त्यानंतरही दोन वर्षं कायद्याने जन्मजात संशयित होती. पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या मनातून तो कायदा केव्हा रद्द झाला, याची तारीख मात्र कुठल्या राजपत्रात सापडत नाही.

इथं कोणी विचारील, मग गावात आपलेपणा नव्हताच का? होता. तो नाकारणं खोटेपणाचं होईल. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. मेंढपाळांच्या वाडीवर एक तरुण मास्तर नोकरीला जातो. तो सर्वार्थाने उपरा. हळूहळू तो त्या माणसांचा होतो, त्यांच्या तक्रारी, त्यांचे कागद, त्यांची भांडणं त्याची होतात. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडीच उठून जाते. आम्ही हे पुस्तक पुनःपुन्हा वाचतो ते यासाठी, की इथं आपलेपणा जन्माने आलेला नाही. तो एकमेकांच्या उपयोगी पडून तयार झाला आहे. वाडी उठल्यावर मास्तरला होणारं दुःख मिरासदाराचं नाही, कारण त्याची तिथं तसूभर जमीन नाही.

घटनेच्या उद्देशिकेत मसुदा समितीने 'बंधुता' हा शब्द घातला. १९४६ सालच्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. न्याय, स्वातंत्र्य, समता यांसाठी कायदा करता येतो, न्यायालयात जाता येतं. बंधुतेसाठी कोणावर फिर्याद करणार? तरी तो शब्द घालावा लागला, कारण हक्काने नागरिक झालेला माणूस शेजाऱ्याच्या मनात उपराच राहू शकतो, हे लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

आजही दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीला गाड्या निघतात. ती कुटुंबं चार-सहा महिने परक्या शिवारात पालं ठोकून राहतात. त्यांची मुलं कोणत्या गावची? शहरात आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, तेव्हा विचारणारा तोच जुना प्रश्न विचारत असतो, 'कोणापैकी?' आपण सुशिक्षित मंडळी तो जरा सभ्य आवाजात विचारतो, इतकंच.

तेव्हा एक विनंती करून थांबतो. 'गावगाडा' वाचा, जरूर वाचा, तो मोलाचा ग्रंथ आहे. पण एकटा वाचू नका. त्याच्या शेजारी 'बलुतं' आणि 'उपरा' ठेवा, मग 'बनगरवाडी' वाचा आणि शेवटी घटनेची पाच ते अकरा ही कलमं. कलमं वाचायला दहा मिनिटं लागतात. या क्रमाने वाचलं तर गाव आतून, कुसाबाहेरून आणि रस्त्यावरून, असं तिन्हीकडून दिसतं.

त्या विद्यार्थ्याला आज आम्ही एवढंच सांगू शकतो. बाबा रे, आम्ही शिकवलेल्या गावात तुला जागा नव्हती हे खरं. चूक तुझ्या बिऱ्हाडाची नव्हती. आमचा नकाशा अपुरा होता, आणि शीव दाखवणाऱ्या माणसाला बाहेर बसवूनच तो आम्ही काढला होता.