निरोप कुणाकुणाच्या हातून गेला?

आम्ही शाळेत असताना घरी एक पोस्टकार्ड आले होते. वर देवाचे नाव, मध्ये चमत्कारांची यादी आणि शेवटी तंबी : अशीच पत्रे आणखी लोकांना पाठवा, नाहीतर नुकसान होईल. पाठवणाऱ्याचे नाव अर्थातच नव्हते. आईने कार्ड चुलीत घातले. आमच्या डोक्यात मात्र प्रश्न राहिला, की ते कोणाकोणाच्या हातून आले असेल? आज फेसबुकवर लिहिणाऱ्याला हाच प्रश्न उलट बाजूने पडतो. आपले लिखाण पुढे कोणी पाठवले?

उत्तर शोधण्याची जुनी रीत पोथ्या अभ्यासणाऱ्यांना ठाऊक आहे. नक्कल करणारा चुकतो आणि त्याच्या पोथीवरून लिहिणारा ती चूक इमानाने उतरवतो. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, की त्यांचे मूळ एक असावे असा तर्क करता येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती (१९१९ ते १९६६) अशीच पाठभेद ताडून तयार झाली. अर्थात तिथल्या पोथ्यांत एवढी सरमिसळ झालेली होती, की निर्मळ वंशावळ काढणे अवघडच होते.

चार्ल्स बेनेट, मिंग ली आणि बिन मा या तिघांनी ही युक्ती चक्क साखळीपत्रांना लावली. १९८० ते १९९५ या काळात फिरलेल्या एकाच पत्राच्या ३३ निरनिराळ्या छायाप्रती त्यांच्यापाशी होत्या. नावांची स्पेलिंगे बिघडलेली, रकमा बदललेल्या. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची काढतात तशी या पत्रांची वंशावळ त्यांनी काढली आणि २००३ साली प्रसिद्ध केली.

पत्रावर सह्याच असतील तर काम आणखी सोपे. इराक युद्धाच्या आधी, २००२-०३ मध्ये, युद्धाविरुद्धचे एक निवेदन ई-मेलने फिरत होते. प्रत्येकाने खाली आपले नाव लिहायचे आणि ते मित्रांना धाडायचे. डेव्हिड लिबेन-नोवेल आणि जॉन क्लाइनबर्ग यांनी इंटरनेटवर साठून राहिलेल्या त्याच्या ६३७ प्रती जमवल्या आणि नावांच्या याद्या एकमेकींशी जुळवल्या. आम्हाला वाटले असते, एकाचे दहा, दहाचे शंभर, असे डेरेदार झाड निघेल. निघाला तो माडासारखा उंच, सडपातळ वृक्ष! नव्वद टक्क्यांहून जास्त नावांच्या खाली एकच फांदी होती. मुळापासूनच्या अंतराची मध्यगा तीनशे पायऱ्यांच्या जवळ गेली. (हे २००८ सालचे. दोन वर्षांनी गोलब आणि जॅक्सन यांनी दाखवले, की फक्त खूप मोठ्या पसरलेल्या साखळ्याच नजरेस पडत असल्यामुळेही झाड असे बारीक दिसू शकते. सापडलेल्या पुराव्यावरून न सापडलेल्याचा अंदाज करताना हे भान हवेच.)

पुढची गोष्ट ट्विटरची. सुरुवातीला दुसऱ्याचे वाक्य पुढे पाठवायचे तर 'आरटी' ही दोन अक्षरे आणि त्या माणसाचे नाव हाताने टंकावे लागे. त्याचेही वाक्य उसने असेल तर दोन नावे. १४० अक्षरांत ती मावत नसत, पण वाटेचा माग तरी राही. २००९ मध्ये कंपनीने बटण दिले. आता पाचव्या हातून गेलेले वाक्यही थेट मूळ लेखकाकडून आल्यासारखे दिसू लागले. मधले हात पुसले गेले. शिवाय यंत्राची नक्कल बिनचूक! चूकच नाही, तर वंशावळ काढणार कशावरून?

लेखकाच्या हाती उरतो तो मुख्यतः आकडा. फेसबुकवर जाहीरपणे पाठवणाऱ्यांची नावे दिसतात, खासगीत पाठवणाऱ्यांची दिसत नाहीत. आणि कोणी पडद्याचे चित्र काढून धाडले, तर आकड्यातही त्याची नोंद होत नाही. बटणातून झालेल्या प्रत्येक देवघेवीची नोंद कंपनीच्या संगणकात असते. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये 'फॉरवर्डेड' अशी खूण लावायला सुरुवात केली, पण तीत कोणाचे नाव नाही.

भारत सरकारने २०२१ च्या नियमांत मागितले ते हेच नाव. गंभीर गुन्ह्याच्या तपासात न्यायालयाने किंवा अधिकृत यंत्रणेने आदेश दिला, तर मूळ पाठवणारा कोण हे मोठ्या निरोप-सेवांना सांगता आले पाहिजे. व्हॉट्सॲपने त्याच वर्षीच्या मे महिन्यात या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. कोणता निरोप उद्या चौकशीत येईल हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांच्याच निरोपांवर खूण ठेवावी लागेल, असे कंपनीचे म्हणणे होते.