दुसऱ्याच्या आवाजावर उभा राहणारा नट : झाडीपट्टीतील नवख्यांचा इतिहास

मराठी रंगभूमीचे इतिहास नाटककारांनी आणि नायकांनी भरलेले आहेत. आजचा धागा त्यांच्यापासून दूर, गोंदिया जिल्ह्यात धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत उभारलेल्या मंचावर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या हौशी नटाविषयी आहे. तोंडाला रंग लागलेला, संवाद अर्धेच पाठ, आणि समोर सारे गाव. अशा माणसाची भूमिका वठते ती कशाच्या बळावर?

आधी प्रदेश ध्यानी घ्यावा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या वनाच्छादित, धान पिकवणाऱ्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या नोंदींत गोंदियाची रंगभूमी शोधायची तर भंडारा हे नाव वाचावे लागते. इथले नाट्यवर्ष धानाच्या मागोमाग चालते. पावसाळा रोवणीत जातो. दिवाळी आली, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरू लागते आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक उभे राहते. हंगाम होळीच्या आसपास सरतो. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाने मात्र ते लक्षात ठेवावे, कारण नवख्याची दमछाक त्याशिवाय कळायची नाही.

नाटकाआधी दंडार होती. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोककलांचा आयुष्यभर अभ्यास केला. दंडार ही गावातल्याच पुरुषांनी उभी केलेली गाण्या-नाचाची कला. स्त्रीपात्रेही पुरुषच रंगवीत. तिच्यात नवख्याला एक मोठा आधार असे. गाणे त्याच्या एकट्याच्या गळ्यावर अवलंबून नसे. मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकायची आणि साथीदारांनी ती उचलायची. नवख्याने त्या आवाजाशी पाय जुळवले की निम्मी भूमिका झाली.

ही रीत केवळ रानातली होती असे समजण्याचे कारण नाही. उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींनी १८४२ मध्ये सांगलीत खेळ केले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांकडून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे करवले. त्या नाटकांत पदे सूत्रधार गात असे. पात्रे त्या गाण्यावर हावभाव करीत आणि मग आपापली भाषणे ऐनवेळी रचून बोलत. म्हणजे रामाचा देह एकाचा आणि रामाचे गाणे दुसऱ्याचे! भाव्यांपाशी काही तयार नटांची फौज नव्हती. ज्यांनी कधी नाटक पाहिलेही नव्हते अशांना घेऊन त्यांनी खेळ उभा केला, आणि माझ्या मते तो उभा राहू शकला याचे एक मोठे कारण ही आवाजाची वाटणीच होती.

पुढे ती वाटणी बदलली. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तन्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिले आणि नटांची भाषणे कागदावर आली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्रे आपली पदे स्वतः गाऊ लागली. सूत्रधाराचा आवाज मागे पडला. पण लिहिलेले भाषण विसरता येते. जे ऐनवेळी रचायचे, ते विसरण्याचा प्रश्नच नव्हता. त्या विसरण्याच्या भीतीतून नाटकाची वही हाती घेऊन बसणारा प्रॉम्प्टर अपरिहार्य झाला. शहरातल्या रंगभूमीने भरपूर तालमींच्या जोरावर त्याला हळूहळू निरोप दिला. झाडीपट्टीने मात्र त्याला मानाने ठेवून घेतले.

त्याचे कारण इथल्या गावच्या नाट्यमंडळाच्या रचनेत आहे. पोरे गावातली, दिवसभर शेतात राबणारी. तालीम रात्री कंदिलाच्या उजेडात, पुढे विजेच्या दिव्याखाली. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची रीत मागे पडल्यावर नायिका नागपूरकडून बोलावली जाऊ लागली, आणि ती बहुधा प्रयोगाच्याच दिवशी गावात पोहोचायची. ज्या स्त्रीशी रात्री पती म्हणून भांडायचे, तिची ओळख संध्याकाळी व्हायची. अशा प्रयोगाची सारी सूत्रे प्रॉम्प्टरच्या वहीत असत. विंगेतून वा मंचाच्या काठाशी बसून तो ओळ पुरवी आणि नट ती उचली.

ओळ उचलणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि नवख्याची कसोटी तिच्यातच लागते. कच्चा नट ओळ ऐकण्यासाठी थिजतो. मान वहीकडे वळते, हात लोंबकळतात आणि प्रेक्षकाला कळून चुकते. जाणता नट ऐकतानाच काहीतरी करीत असतो: शेला सावरतो, दोन पावले टाकतो, समोरच्याकडे रोखून पाहतो. ती शांतता विचाराची भासते. दुसरी गोष्ट श्वासाची. अर्धी ओळ कानी पडताच बोलायला धावले, तर उरलेली अर्धी स्वतःच्याच आवाजात बुडते. तिसरी माइकची. माइक ठरावीक जागी टांगलेले असतात. भावनेच्या भरात त्यांच्यापासून दूर गेलेल्या नटाचा टाहो शेवटच्या रांगेला नुसता मूकाभिनय वाटतो. नवखा चांगला ठरतो तो या तिन्ही गोष्टी सांभाळून सोबतच्या नटाचे वाक्य न तोडणारा. टाळ्या त्याला मागाहून मिळतात.

यात एक अडचण बाहेरच्यांच्या ध्यानी येत नाही. प्रॉम्प्टर जी ओळ देतो ती प्रमाण मराठीत असते, आणि नटाच्या घरची बोली झाडी. तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ सहसा नाहीत. पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो. त्यामुळे पेशव्यांचा सरदार झालेला तरुण शब्दच उसने घेतो असे नाही, उच्चारही उसने घेतो. विनोदी पात्राला मात्र बोलीची मुभा असते. झाडीपट्टीत विनोदी नटावर प्रेक्षकांचा जो जीव जडतो, त्यामागे हे एक कारण असावे.

उसन्या आवाजावर अभिनय करणारे हौशी नट साता समुद्रापलीकडेही आहेत. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा १९७५ चा इंग्रजी चित्रपट १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रपटगृहात मध्यरात्री दाखवला जाऊ लागला. तिथे रसिक वेश करून येऊ लागले आणि पडद्यावर चित्रपट चालू असताना त्याच्यापुढे उभे राहून तीच दृश्ये करू लागले. पुढे असे संच अनेक शहरांत निघाले. त्यांना ‘शॅडो कास्ट’, म्हणजे छायानटांचा संच, म्हणतात. त्यांच्या नवख्याला प्रत्येक हालचाल पाठ करावी लागते, कारण पडद्यावरचा आवाज कोणासाठी थांबत नाही. आपला प्रॉम्प्टर थांबतो. नट गडबडला तर तो ओळ पुन्हा देतो, एखादा उतारा गाळतो, नायिका उशिरा आली तर मागचे वाक्य फिरवून आणतो. वेव्हर्लीचा नट यंत्राची छाया होतो. झाडीपट्टीचा नट माणसाच्या आवाजावर चालतो, आणि तो आवाज त्याला सांभाळून घेतो.

गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि ८०० भूमिका, असा त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब त्या वेळी नोंदवला गेला. भागाकार करून पाहा: सरासरीने एका भूमिकेच्या वाट्याला जेमतेम सहा प्रयोग येतात. झाडीपट्टीतला मुरलेला नटसुद्धा दर आठवड्याला नव्या भूमिकेत नवखाच असतो, असे हा भागाकार सुचवतो. कान तयार असणे हीच त्याची मिळकत.

आज हंगामाचा कारभार मुख्यत्वे देसाईगंज-वडसा येथील नाटक कंपन्यांच्या हाती आहे. गावचे मंडळ बहुतेकदा तयार प्रयोग ठरवून आणते, मंडप घालते, तिकिटे विकते. याने प्रयोग देखणे झाले, अनेकांना रोजगार मिळाला. पण पहिल्यांदा रंग लावणाऱ्या गावच्या पोराची जागा आकसली, आणि गावच्या प्रॉम्प्टरची त्याहून अधिक. त्यांच्या वह्या कुठे छापल्या गेल्या नाहीत. पेन्सिलीने गाळलेले उतारे, समासात लिहिलेली नटांची नावे, पेटीच्या सुरांच्या खुणा हे सारे घरोघरच्या ट्रंकांत पडून आहे. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा किंवा गोंदिया तालुक्यातील कोणा वाचकाच्या घरी अशी वही असेल, तर तिच्या पहिल्या पानावरचे नाटकाचे नाव, गाव आणि साल खाली जरूर लिहावे.