पाच सेकंदांची चूक

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये त्याचा तेथे मृत्यू झाला. ज्या कामासाठी तो निघाला होता त्याची सुरुवात त्याने एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे १२ किलोमीटर लांबीची आधाररेषा मोजून केली होती. या कामाला पुढे भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले.

पद्धत शाळेतल्या भूमितीचीच होती. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. मग त्यांतील एका बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा. कोन मोजण्याचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. तो टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवणारे खलाशी आपलेच लोक होते. त्यांतले कितीतरी जण तापाने दगावले, पण त्यांची नावे नकाशावर कोठेही आली नाहीत. मोजणीमागे कंपनी सरकारचा हेतू राज्यविस्ताराचा आणि महसुलाचा होता, हेही विसरून चालणार नाही.

लॅम्बटननंतर जॉर्ज एव्हरेस्टने त्रिकोणांची ही साखळी हिमालयाच्या पायथ्याशी नेली. तेथे एक अडचण उभी राहिली. मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूर आणि उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरजवळ कलियाना अशी दोन ठाणी होती. त्यांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनी काढला होता. त्रिकोणांच्या साखळीवरून तो ५ अंश २३ मिनिटे ४२.३ सेकंद आला, तर ताऱ्यांच्या वेधावरून ५ अंश २३ मिनिटे ३७.१ सेकंद. तफावत सुमारे ५.२ सेकंदांची, म्हणजे जमिनीवर जवळजवळ १६० मीटर. सहाशे किलोमीटरांत एवढी तफावत तुम्हा-आम्हाला क्षुल्लक वाटेल. एव्हरेस्टने ती मोजणीत साचलेली चूक मानली आणि साखळीत वाटून टाकली.

कलकत्त्याचे धर्माधिकारी आणि उत्तम गणिती असलेले जॉन प्रॅट यांना मात्र वेगळी शंका आली. ताऱ्याचा वेध घेताना 'उभी दिशा' ओळंब्यावरून ठरते. शेजारी प्रचंड पर्वत असेल तर तो ओळंब्याला आपल्याकडे ओढणार नाही का? कलियाना हिमालयाच्या पायथ्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे, कल्याणपूर बरेच दूर. उत्तरेकडचा ओळंबा अधिक झुकला, तर तेथील अक्षांश प्रत्यक्षापेक्षा कमी भरेल. तफावतीची दिशा या तर्काशी जुळत होती.

मग प्रॅट यांनी हिमालय आणि त्यामागचे पठार यांच्या वस्तुमानाचा अंदाज घेऊन गणित केले. ओळंबा कलियानाला सुमारे २८ सेकंद आणि कल्याणपूरला सुमारे १२ सेकंद झुकायला हवा होता. म्हणजे तफावत १६ सेकंदांच्या आसपास यायला हवी होती, पण होती अवघी ५.२! आता प्रश्न उलटला. हिमालय ओळंब्याला ओढतो याचे नवल राहिले नाही, तो इतका कमी का ओढतो हे कोडे झाले.

१८५५ मध्ये इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवले. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो जास्त वर दिसतो तो पाण्याखालीही जास्त खोल असतो. तसेच पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असले पाहिजे. तेथे जड द्रव्याची जागा हलक्या द्रव्याने घेतल्यामुळे ओढ घटते. प्रॅट यांनी १८५९ मध्ये वेगळे स्पष्टीकरण दिले: पर्वताखालचा खडकच कमी घनतेचा असावा. या कल्पनेला पुढे समस्थायित्व असे नाव पडले. भूकंपलहरींच्या अभ्यासातून आज आपल्याला ठाऊक आहे की हिमालय आणि तिबेटखाली कवच सुमारे ७० किलोमीटरपर्यंत जाड आहे, सामान्य खंडीय कवचाच्या जवळपास दुप्पट. येथे एअरींचे चित्र सत्याच्या अधिक जवळ होते.

गोष्ट येथे संपत नाही. २००२ मध्ये 'ग्रेस' नावाचे दोन जुळे उपग्रह एकामागोमाग सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरू लागले. खालचे वस्तुमान बदलले की त्यांच्यातले अंतर किंचित बदलते. तत्त्व ओळंब्याचेच. या मोजमापांवरून २००९ मध्ये असे दिसून आले की राजस्थान, पंजाब आणि हरियाणातून २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाले होते. विहिरीत न डोकावता विहिरी आटल्याचे कळले.

महाविद्यालयात भूगोल शिकणारे विद्यार्थी सहलीला जीपीएस नेतात आणि जुन्या टोपोशीटवर तो बिंदू मांडतात. महाराष्ट्रात तो शंभर मीटरांहून थोडा अधिक सरकलेला आढळतो. कारण जुन्या टोपोशीट एव्हरेस्टने ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेल्या आहेत आणि जीपीएस वेगळ्या आकारावर. पुष्कळदा 'यंत्राची चूक' म्हणून विषय तेथेच मिटवला जातो.

तो मिटवू नये असे मला वाटते. कोनमापकाच्या मध्याला दोरा आणि खडा बांधून ध्रुवताऱ्याची उंची मोजायला आपण मुलांना सांगतो. त्यावरून गावाचा अक्षांश अंशा-दोन अंशांच्या फरकाने निघतो. उत्तर ॲटलासशी जुळले नाही तर वहीत तो आकडा खोडू देऊ नका. फरक किती, कोणत्या बाजूला आणि कशामुळे, हे मुलांना आधी लिहू द्या. एव्हरेस्टने तफावत वाटून टाकली, प्रॅट यांनी ती जपून ठेवली. पृथ्वीच्या पोटातली बातमी त्या पाच सेकंदांत होती.