वस्तऱ्याच्या पात्याची कुळकथा

विळीच्या पात्यात थोडं उणं-अधिक असलं तरी भाजी चिरली जाते. वस्तऱ्याला ती मुभा नाही. त्याची धार इतकी पातळ असते, की पोलादात मळीचा एक कण राहिला तरी तिथे खांड पडते आणि गालाला ती लगेच कळते. म्हणून वस्तऱ्याची कुळकथा सांगायची तर ती पोलादाच्या मुशीपासूनच सांगावी लागते.

इंग्लंडातलं शेफील्ड सुऱ्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. पण तिथलं जुनं पोलाद म्हणजे कोळशात गाडून कित्येक दिवस तापवलेल्या लोखंडाच्या पट्ट्या. कार्बन बाहेरून आत शिरायचा, त्यामुळे वरचा थर कडक आणि गाभा मऊ. 1740च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला कमानींसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. त्याने ते मातीच्या मुशीत पुरतं वितळवलं. मळी वर आली, कार्बन सगळीकडे सारखा पसरला.

मुशीतलं पोलाद दक्षिण भारतात मात्र कित्येक शतकं जुनं होतं. म्हैसूर, सेलम, तेलंगणातले लोहार मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाचं लाकूड आणि रुईची पानं घालत, तोंड मातीने लिंपत आणि भाता चालवत. लाकडापानांतला कार्बन लोखंडात उतरे. मूस फोडली की आत पोलादाचा गोळा. हेच ते वूट्झ. 1794 मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना धाडले. पुढच्या वर्षी जॉर्ज पियर्सन यांनी त्यावर प्रबंध वाचला आणि शीर्षकात ते पोलाद मुंबईत बनतं असं लिहिलं! ज्यांनी ते बनवलं, त्या लोहारांची नावं कुणी टिपून घेतली नाहीत. मला हे फार लागतं.

लंडनचे जेम्स स्टोडार्ट सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं घडवत. हे वूट्झ त्यांच्याही हाती आलं. वूट्झमध्ये कार्बन सुमारे दीड टक्का, म्हणून फार तापवलं की ते घणाखाली फुटे. मंद लाल रंगावरच बेताने ठोकावं लागे. स्टोडार्टना ते साधलं. युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षाही त्यांनी ते पसंत केलं. पुढे एका लोहाराचा मुलगा त्यांच्या जोडीला आला: मायकेल फॅरडे. 1819 मध्ये फॅरडेंनी वूट्झचं पृथक्करण केलं आणि त्याचं मर्म त्यातल्या ॲल्युमिनात आहे असं मानलं. तर्क चुकला, पण त्याच वाटेने दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं. ऱ्होडियमच्या पोलादाचे वस्तरे फॅरडेंनी मित्रांना भेट दिले. चांदी पाचशे भागांत एक भाग एवढीच पुरे, असं त्यांना आढळलं. मग ‘सिल्व्हर स्टील’ हा शिक्का वस्तऱ्यांवर सर्रास उमटू लागला, पुष्कळदा चांदीच्या कणाशिवाय.

हाताने वस्तरा घडवणारे आजही आहेत, आणि कामाचा क्रम फारसा बदललेला नाही. तापलेली पट्टी ऐरणीवर ठोकून कणा जाड आणि धारेची बाजू पातळ करतात. मग लाल करून तेलात बुडवतात, म्हणजे पाणी देतात. या वेळी पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते पुन्हा मंद आचेवर गवती पिवळा रंग चढेपर्यंत तापवलं की चिवटपणा येतो. त्यानंतर दोन्ही अंगं खोलगट घासायची, तीही पातं ओलं राखून. घासताना धारेवर निळी झाक आली तर तिथलं पाणी उतरलं, म्हणजे तेवढी धार वाया गेली.

सुरीला धार लावताना कोन हाताने राखावा लागतो. वस्तरा मात्र निसण्यावर आडवा टेकवतात; कणा आणि धार दोन्ही दगडाला लागतात आणि कोन आपोआप ठरतो. म्हणजे ऐरणीवर कणा किती जाड ठेवला, त्यावर शेवटची धार अवलंबून.

तुमच्या घरी पणजोबांचा वस्तरा पडून असेल, तर तो मोडीत देऊ नका. कणा फार झिजलेला नसेल आणि गंज धारेत खोल गेला नसेल, तर जाणता कारागीर त्याला पुन्हा हजामतीची धार आणून देईल.