धरण १९८० चे, कॅमकॉर्डर १९८३ चा : भिगवण परिसर आणि घरगुती व्हिडिओचा इतिहास

१/७
भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भिगवण परिसरातील नदीकाठच्या जुन्या वस्त्या जलाशयाखाली गेल्या. पळसदेवसारखी गावे उंचावर नव्याने वसली. या सालाशेजारी घरगुती चित्रीकरणाचा इतिहास ठेवला, की एक चुटपुट लावणारी बाब ध्यानात येते.

२/७
सोनीने बीटामॅक्स १९७५ मध्ये, तर जेव्हीसीने व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आणले. परंतु कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच यंत्रात सामावणारा पहिला घरगुती कॅमकॉर्डर, सोनीचा बीटामूव्ही, आला तो १९८३ मध्ये. गाव बुडाले तेव्हा ते टिपण्याचे हे साधन सामान्य घरांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

३/७
१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली. पुढे लग्नाची ‘व्हिडिओ शूटिंग’ गावोगावी रुजली. जुन्या गावात जन्मलेल्यांचे चेहरे, त्यांची बोली, त्यांची चालढाल जिथे टिपली गेली, ती बहुधा अशाच लग्नांच्या कॅसेटमध्ये.

४/७
व्हीएचएसची अर्धा इंच रुंद फीत अॅनालॉग होती. प्रतीची प्रत काढली, की चित्र अधिक पुसट होई. दमट हवेत फितीवर बुरशी चढे आणि प्रत्येक वापरात ती थोडी झिजे.

५/७
१९९५ मध्ये डीव्ही हे डिजिटल तंत्र घरगुती कॅमेऱ्यात आले. फीत मात्र गेली नाही. मिनीडीव्ही हीसुद्धा टेपच होती. कारण साधे होते : तासाभराच्या डीव्ही चित्रणाला सुमारे १३ जीबी जागा लागे आणि तेव्हाच्या घरगुती संगणकाची हार्ड डिस्क क्वचितच एक-दोन जीबीहून मोठी असे. आधी संकेत बदलला, फीत नंतर सुटली. पण आता प्रत मूळ चित्राइतकीच स्वच्छ निघू लागली.

६/७
२००४ मध्ये जेव्हीसीच्या एव्हरिओ कॅमेऱ्यात फितीची जागा हार्ड डिस्कने घेतली. त्यानंतर मेमरी कार्ड आणि मोबाइल आले. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि जुनी कॅसेट वाचणारी नवी यंत्रे मिळेनाशी झाली.

७/७
उजनीचे पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने मंदिर पुन्हा दिसू लागते. कॅसेटवरून एकदा पुसले गेलेले चित्र तसे परत येत नाही. तीन तासांची कॅसेट डिजिटल करण्यास तीनच तास लागतात. मात्र ते काम चालू स्थितीतील व्हीसीआर हाताशी आहे तोवरच शक्य आहे. ज्या गावांचे मूळ रूप चित्रीकरणाविना बुडाले, तिथल्या माणसांची उरलेली चित्रे कपाटातील या फितींवरच आहेत.