मोफत पुस्तक आणि मुक्त पुस्तक

छापखाना येण्याआधी आपल्याकडे ग्रंथ नकलेवर जगत असे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा मराठी 'योगसंग्राम' असाच हातांनी उतरवला गेला. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, तीही लोकांनी उतरवून घेतली. पोथीपर्यंत पोहोचणे सर्वांच्या नशिबी नव्हते. जात आणि गरिबी आड येत होती. पण ती हाती आली की नक्कल करणे हेच तिला जपणे होते.

छपाईने पुस्तक स्वस्त केले आणि त्यावर हक्कही आले. 1967 मध्ये पुण्यात बालभारती स्थापन झाली. मराठी, उर्दू आणि इतर माध्यमांची मुले तिच्या पुस्तकांवर शिकली. आज ही पुस्तके संकेतस्थळावरून मोफत मिळतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले.

मात्र मोफत म्हणजे मुक्त नव्हे. 2002 मध्ये युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञा पुढे आली. मूळ कर्त्याचे नाव देऊन साहित्य वापरावे, बदलावे, भाषांतरित करावे आणि पुन्हा वाटावे, हा तिचा अर्थ. केंद्र सरकारने 2013 मध्ये अशा साहित्याचे राष्ट्रीय भांडारही सुरू केले. बालभारतीच्या पुस्तकावर मात्र लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशी सूचना असते.

हा फरक भोर तालुक्यातल्या कामथडीसारख्या गावात कळतो. पाठ मुक्त असेल तर तिथल्या शिक्षकाला धरणाच्या धड्यात भाटघर आणता येईल. घरी दखनी बोलणाऱ्या मुलासाठी अवघड शब्दांचे अर्थ त्याच्या बोलीत देता येतील. तोच पाठ उर्दू शाळेतल्या बाईंना पाठवता येईल, त्या त्यात भर घालतील. विद्यार्थ्याला आपल्या गावाचा धडा मिळेल आणि शिक्षक नुसता पुस्तक वाचून दाखवणारा राहणार नाही.

चुका शिरतील, अशी भीती रास्त आहे. पण मूळ प्रत मंडळाकडे शाबूत राहीलच आणि बदल कुणी केला हेही नोंदवता येईल. एकनाथांनीसुद्धा नकलांत शिरलेल्या चुकाच दुरुस्त केल्या होत्या. त्यासाठी नक्कल बंद करावी लागली नाही.

पुस्तके मोफत मिळाली, आता ती मुक्त व्हावीत, ही मागणी शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून करायला हवी.